साहेब घरी, लाइन चालू: कारखान्यात स्वयंव्यवस्थापित टीम कशी उभी करावी

रात्रीचे अडीच. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका शेडमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, बोअर (भोक) मारायचं काम चालू आहे. भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजची 'गो' बाजू, जी सहज आत जायला हवी, ती अडकायला लागते. बोअर बारीक येतोय, इन्सर्ट (कापणारी टिकली) झिजलाय, ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती) 10 मायक्रॉननं सरकवला की काम भागेल, हे मशिनवर उभ्या असलेल्या पोराला नीट कळतं. पण ऑफसेटला हात लावायचा अधिकार सेटरचा, म्हणजे मशिन जुळवून देणाऱ्याचा, आणि रात्रपाळीला सेटर एकच, तोही पलीकडच्या शेडमध्ये अडकलेला. मग दोनच वाटा उरतात. मशिन बंद ठेवून बसायचं, नाहीतर गेज जरा जोर लावून घालायचा आणि माल पुढं सोडायचा.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण रोड, कुठल्याही पट्ट्यात जा, हा प्रसंग रोज घडतो. ज्याला बिघाड सगळ्यात आधी कळतो त्याच्या हातात इलाज नसतो, आणि ज्याच्या हातात इलाज असतो त्याला तो सगळ्यात शेवटी कळतो. स्वयंव्यवस्थापित टीम, म्हणजे आपल्या कामातले रोजचे निर्णय स्वतः घेणारा गट, हा या अंतरावरचा उपाय आहे.

दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मी 22 वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली. अशी टीम उभी करायचा प्रयत्न तीनदा केला. पहिला साफ फसला, दुसऱ्यात एका माणसावर अन्याय झाला, तिसरा टिकला. या तीन अनुभवांतून एक गोष्ट मला पक्की पटली आहे: अधिकार घाऊक देऊन चालत नाही. तो एकेक निर्णय करून, त्या निर्णयाला लागणाऱ्या माहितीसकट द्यावा लागतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करा

'टीमला सगळे अधिकार देतोय' असं मालक म्हणतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा अर्थ असतो. रिचर्ड हॅकमन या अभ्यासकानं गटाच्या कामाचे चार थर सांगितले आहेत, ते मला सगळ्यात उपयोगी वाटतात. प्रत्यक्ष काम करणं हा पहिला थर. ते कसं चाललंय यावर लक्ष ठेवून दुरुस्ती करणं हा दुसरा. टीममध्ये कोण असावं, कामाची मांडणी कशी असावी हा तिसरा. आणि काय बनवायचं, कशासाठी बनवायचं ही दिशा हा चौथा. साध्या लाइनवर कामगाराकडं फक्त पहिला थर असतो. स्वयंव्यवस्थापित टीमकडं पहिले दोन असतात. तिसरा हळूहळू, थोडा थोडा येऊ शकतो. चौथा व्यवस्थापनाकडंच राहतो, आणि तो त्यांनी स्पष्टपणे सांभाळलाच पाहिजे. महिन्याला किती माल, कोणत्या दर्जाचा, कोणत्या तारखेला हे ठाम सांगा. तो कसा काढायचा ते टीमवर सोडा. उलटं केलं, म्हणजे उद्दिष्ट मोघम आणि पद्धत मात्र पावलापावलाला सांगितली, तर टीम कधीच उभी राहत नाही.

आपल्याकडच्या माणसाला ही कल्पना परकी नाही. मराठवाड्यात सावड आहे. आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. प्रत्येकाला प्रत्येक काम येतं, कोणी कुणाचा साहेब नाही, हिशोब सगळ्यांना तोंडपाठ. आणि दुसरीकडं आपल्याकडं मुकादमही आहे. बीड, आष्टी, पाटोद्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत उचल मुकादमाकडून, कोणत्या फडात जायचं ते मुकादम सांगणार, हिशोबाची वही मुकादमाच्या खिशात. लाइनवर येणाऱ्या कित्येक पोरांच्या घरात हे दोन्ही नमुने पाहिलेले असतात. आपण सावड उभी करायला निघतो आणि बेसावध राहिलो तर मुकादमी उभी राहते. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं.

तेव्हा एका सोमवारी कार्यक्रम घेऊन घोषणा झाली, नारळ फुटला, सुपरवायझर दुसऱ्या विभागात पाठवले गेले आणि 'तुमचा लीडर तुम्हीच निवडा' म्हणून टीम मोकळी सोडली. तीन महिन्यांत ड्यूटीचा चार्ट त्या लीडरच्या खिशात गेला. हलकी मशिन त्याच्या गावच्या पोरांना, जड प्रेस बाहेरच्यांना. रिजेक्शन वाढलं तरी कोणी बोलेना, कारण बोलायची जागाच उरली नव्हती. दोष त्या पोराचा नव्हता. आम्ही अधिकार टीमला न देता एका माणसाला दिला होता, आणि माहिती कुणालाच दिली नव्हती.

खाणीतली आणि गिरणीतली गोष्ट

ही पद्धत कुठून आली ते ठाऊक असलं की ती कशावर उभी आहे ते कळतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधले एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी 1951 मध्ये इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींवर एक लेख लिहिला. बॅमफोर्थ स्वतः खाणकामगार होते. पूर्वी खाणीत लहान गट असत. कोळसा खणायचा, भरायचा, छताला आधार लावायचा, सगळं तोच गट करी. यंत्रं आल्यावर काम तीन पाळ्यांत तोडलं गेलं. एका पाळीनं कापायचं, दुसरीनं सरकवायचं, तिसरीनं भरायचं. यंत्रं चांगली असूनही अपेक्षित उत्पादन येईना, कारण प्रत्येक पाळी आपलं दुखणं पुढच्या पाळीच्या गळ्यात टाकू लागली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या फर्स्ट, सेकंड आणि नाइट शिफ्टची भांडणं डोळ्यांसमोर दिसली.

दोनच वर्षांनी, 1953 मध्ये, त्याच संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथं नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण कापड मनासारखं निघत नव्हतं. एक माणूस फक्त तुटलेला धागा जोडणार, दुसरा फक्त बॉबिन भरणार, तिसरा फक्त तेल घालणार, अशी कामं वाटलेली. राइस यांनी ठरावीक मागांना मिळून एक लहान गट अशी मांडणी सुचवली. कामगारांनी ती उचलून धरली, स्वतःच गट जमवले, आणि स्थिरावल्यावर उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. 1970 मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा काही ठिकाणी पद्धत टिकून होती, काही ठिकाणी पुन्हा जुन्या वळणावर गेली होती. म्हणजे ही गोष्ट एकदा लावून विसरायची नाही. आणि हे सगळं आपल्या शेजारच्या गुजरातेत, 70 वर्षांपूर्वी घडलेलं आहे. 'हे परदेशी खूळ आहे' असं म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

पहिली पायरी: हद्द आखा

टीमला एक पूर्ण काम द्या. कच्चा माल कुठं येतो, तयार माल कुठं जातो, आणि मधे जे बिघडतं त्यातलं बहुतेक याच माणसांच्या हातात आहे का, हे पाहा. टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग, डीबरिंग (कडेची धारदार बर काढणं) आणि तपासणी मिळून एक सेल होऊ शकतो. 'सगळे ड्रिलिंगवाले एक टीम' असं केलं तर ती टीम फक्त नावाची, कारण त्यांचा माल आधीच्या चुका घेऊन येतो आणि त्यांच्या चुका पुढं निघून जातात.

माणसं सहा ते दहा. पंधराच्या वर गेलं की बोलणारे तिघं आणि ऐकणारे बारा अशी गत होते. तीन पाळ्या असतील तर माझा आग्रह असा, की तिन्ही पाळ्यांतली त्या सेलची माणसं मिळून एकच आकडा पाहावा, एकच बोर्ड ठेवावा. पाळीनुसार वेगळे आकडे लावले की खाणीतली गोष्ट सुरू होते: सेकंडवाले सेटिंग अर्धवट टाकून जातात आणि नाइटवाले शिव्या देत बसतात.

दुसरी पायरी: निर्णयाचा कागद

इथं घाई करू नका. सगळ्या कामाचा जीव इथं आहे.

एक मोठा कागद घ्या आणि त्या सेलमध्ये आठवडाभरात जे जे ठरवावं लागतं ते सगळं लिहून काढा. आमच्या यादीत साठेक गोष्टी निघाल्या होत्या. चहा कधी, कोण कोणत्या मशिनवर, रजा कोणाला, पहिला पीस कोणी पास करायचा, इन्सर्ट कधी बदलायचा, मशिन कधी बंद करायची, आज आधी कोणता पार्ट, रिवर्क कोण करणार, नव्या पोराला कोण शिकवणार, हातमोजे किती मागवायचे. प्रत्येकापुढं आज ते कोण ठरवतं ते लिहा. नुसतं एवढं केलं तरी मालकांचे डोळे उघडतात.

मग ज्या निर्णयांत चुकलं तर नुकसान लहान आणि लगेच कळणारं, ते आधी टीमकडं द्या. प्रत्येक निर्णयासोबत चार गोष्टी लिहा: कोणत्या माहितीवर ठरवायचं, कुठपर्यंत ठरवायचं, कोणाला कळवायचं, आणि चुकलं तर काय करायचं. ऑफसेटचंच उदाहरण घ्या. माहिती: दर 20 पीसला एक मोजमाप, तक्त्यावर टिंब. मर्यादा: एका वेळी 10 मायक्रॉनपर्यंत, पाळीत तीनदा. त्यापलीकडं गेलं तर सेटरला बोलवा. कळवायचं: शिफ्टच्या वहीत नोंद. चुकलं तर: शेवटच्या बरोबर मोजमापानंतरचे सगळे पीस बाजूला, पिवळी खूण, शंभर टक्के तपासणी. असं लिहिलं की रात्री अडीचला त्या पोराला कुणाचं तोंड बघत बसावं लागत नाही, आणि क्वालिटीवाल्यांचीही झोप उडत नाही. हे आकडे आमच्या पार्टचे. तुमच्या पार्टचे टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) बघून तुमचे ठरवा.

आम्ही सुरुवात केली मशिनवरच्या माणसांच्या अदलाबदलीपासून. मग रजेचं वेळापत्रक. ही मराठवाड्यातली खास गरज आहे. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, मग पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी, त्यात लग्नसराई. साहेबानं रजा नाकारली तरी माणूस जायचा तो जातोच, फक्त न सांगता जातो. टीमनं एप्रिलमध्येच बसून कोणाचं रान कोरडवाहू, कोणाकडं पेरायला दुसरं माणूस आहे, कोण आधी जाणार, कोण नंतर, हे आपसात ठरवलं तेव्हा जूनमधली न सांगता होणारी गैरहजेरी जवळजवळ थांबली. साहेबाला ही माहिती कधीच नव्हती. टीमला ती तोंडपाठ होती.

त्यानंतर पहिल्या पीसची मंजुरी. मग मशिनची रोजची निगा: सफाई, तेल, नटबोल्टची घट्टाई, तपासणी. टीपीएम या मशिन सांभाळायच्या जपानी पद्धतीत याच कामाला जिशू होझेन म्हणतात आणि त्याच्या सात पायऱ्या आहेत. पहिली पायरी मशिन हातानं पुसण्याची, सातवी टीमनं स्वतः सांभाळण्याची. त्यातली टॅगची पद्धत जशीच्या तशी उचला: ऑपरेटर स्वतः दुरुस्त करू शकतो तिथं पांढरा टॅग, मेंटेनन्सची गरज तिथं लाल. लाल टॅग लावल्यावर आठ-आठ दिवस कोणी येत नसेल तर टीमचा विश्वास तिथंच संपतो. म्हणून मेंटेनन्सचा होकार आधी घ्या, मगच टॅग वाटा.

नंतर दिवसभरातल्या पार्टचा क्रम, टूलचा मासिक खर्च, नव्या माणसाचं प्रशिक्षण. इथपर्यंत यायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

काही निर्णय टीमकडं कधीच देऊ नका आणि तसं कागदावर स्पष्ट लिहा. मशिनचं संरक्षक गार्ड काढणं, इंटरलॉक (दार उघडं असताना मशिन चालू न देणारी सोय) बायपास करणं, एकमतानंही नाही. कुणाला शिक्षा, कुणाला काढणं, नाही. साप्ताहिक सुट्टी आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायद्यानं ठरलेला आहे, त्यावर टीमची बैठक होऊ शकत नाही. औषध कारखान्यांत बॅच बाजारात सोडायचा निर्णय गुणवत्ता विभागाकडंच राहतो, तिथं टीम आपलं काम स्वतः सांभाळेल, बॅच सोडणार नाही.

तिसरी पायरी: आकडे टीमच्या हाती

आकडे ऑफिसच्या संगणकात आणि निर्णय लाइनवर, असं चालत नाही. आकडाही असा हवा की ज्यावर काही करता येईल. 'कार्यक्षमता 75 टक्के' हे वाक्य ऐकून कुणाला काय करावं ते कळत नाही. त्याऐवजी असं मांडा.

पाळी 480 मिनिटांची. जेवण आणि दोन चहा मिळून 50 मिनिटं वजा, उरली 430. एका पीसला 45 सेकंद, म्हणजे पाळीत 573 पीस निघायला हवेत. समजा निघाले 430. कमी पडले 143, त्यांचे 45 सेकंदांनी होतात 107 मिनिटं. आता टीमला एकच प्रश्न विचारा: ही 107 मिनिटं गेली कुठं? साहेबाकडं याचं उत्तर नसतं. टीम बोटांवर मोजत सांगते: सेटिंग बदलताना 40, माल यायची वाट बघत 25, क्वालिटीवाला पहिला पीस पास करायला येईपर्यंत 22, आणि बारीकसारीक थांबे 20. यातली 22 मिनिटं मंजुरीचा निर्णय टीमकडं दिला की वाचतात. 25 मिनिटांसाठी स्टोअरशी बोलावं लागतं, ते सुपरवायझरचं काम. 40 मिनिटांवर टीम आणि सेटर मिळून बसतात. निर्णयाच्या कागदावर पुढं काय यावं ते हा हिशोबच सांगतो.

आकडे हातानं, खडूनं किंवा मार्करनं लिहा. लिहिणारा रोज बदला. आणि वाईट दिवसाच्या आकड्यावरून कुणालाही ओरडायचं नाही, हे व्यवस्थापनानं पाळलंच पाहिजे. एकदा ओरडलात की दुसऱ्या दिवसापासून बोर्डावर खोटे आकडे येतात, आणि ते खोटे आहेत हे कळायला तुम्हाला सहा महिने लागतात.

चौथी पायरी: हात वाढवा

कौशल्याचा तक्ता बहुतेक कारखान्यांत भिंतीवर असतो, ऑडिटसाठी. तो खरा करा. प्रत्येक कामासाठी चार पातळ्या: शिकतोय, कुणीतरी जवळ असताना करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. आमचा नियम तीनास तीन होता. प्रत्येक काम किमान तिघांना आलं पाहिजे, प्रत्येकाला किमान तीन कामं आली पाहिजेत. हे होईपर्यंत रजेचा निर्णय टीमकडं देऊन उपयोग नाही, कारण टॅपिंगवाला एकटाच असेल तर टीम ठरवणार तरी काय?

युनियन असेल तर हे सुरू करण्याआधी त्यांच्यासोबत बसा. ऑपरेटर आणि सेटर या श्रेणी वेतन करारात वेगळ्या असतात. ऑपरेटर सेटिंग शिकला तर त्याचे पैसे वाढणार का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि तो रास्त आहे. उत्तर 'नाही' असेल तर तुम्ही टीम उभी करत नाही, फुकट काम वाढवताय, आणि ते पोरांना लगेच कळतं.

पाचवी पायरी: सुपरवायझरचं काय करायचं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. टीम अडते ती कामगारांमुळं क्वचित, मधल्या फळीमुळं बहुतेकदा. त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. डिप्लोमा करून तो लागला, 10 वर्षं खपला, आता त्याला सांगतात की निर्णय टीम घेईल. त्याला वाटतं, मग मह्यावालं काम काय उरलं? आणि टार्गेट हुकलं की फोन तर त्यालाच येतो. हे दोन्ही एकत्र चालू ठेवलं तर तो टीम मोडणारच. मीही त्याच्या जागी असतो तर मोडली असती.

म्हणून त्याचं नवं काम लिहून द्या, निर्णयाच्या कागदाइतकंच नेमकं. आजची आग विझवणं कमी, पुढच्या आठवड्याची तयारी जास्त. माल, टूल, गेजचं कॅलिब्रेशन, दुसऱ्या विभागांशी भांडण, प्रशिक्षण. एका सेलऐवजी दोन किंवा तीन सेल. आणि बोलायची सवय बदलणं, जे सगळ्यात जड जातं. एका जुन्या सुपरवायझरचा ऑपरेटरशी झालेला संवाद मी वहीत टिपून ठेवला होता. (चक म्हणजे पीस पकडून ठेवणारा मशिनचा भाग, जॉज म्हणजे त्याचे जबडे.)

"साहेब, चक घसरायलाय."

"किती वेळापासून, मामा?"

"अर्धा तास झाला असंल."

"तुम्हाला काय वाटतं, कामून?"

"प्रेशर कमी वाटतंय. नाहीतर जॉज झिजले असतील."

"आधी काय बघणार?"

"प्रेशर. ते आपल्या हातातलं आहे."

"बघा मग. मी इथंच आहे."

याच सुपरवायझरनं आधीच्या वर्षी स्वतः पाना घेऊन चक खोलला असता. मोह आवरून तो तिथं हात मागं बांधून उभा राहिला, तो दिवस मला टीमच्या जन्माचा दिवस वाटतो. पण त्याला हे शिकायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत प्लांट हेडनं त्याच्या पाठीशी उभं राहणं गरजेचं होतं.

टीम वाढते कशी

ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये मांडलेला क्रम प्रशिक्षणात सगळ्यांना सांगतात: जमणं, भांडणं, जुळणं, काम करणं. तो खोटा नाही, पण शॉप फ्लोअरवर मला आणखी दोन खड्डे दिसले, ज्यांची आधी कल्पना असावी.

पहिले दोन-तीन महिने उत्साह असतो. मग उत्पादन खाली येतं. माणसं नव्या मशिनवर शिकत असतात, बैठकीत वेळ जातो, रिजेक्शन वाढतं. इथं बहुतेक मालक घाबरून जुनी पद्धत परत आणतात. ऑर्डरचा ताण कमी असताना सुरुवात करा आणि थोडा तयार माल आधी साठवून ठेवा, म्हणजे हा काळ निभतो.

नंतर टीम कुठल्या तरी एका हुशार माणसाभोवती गोळा होते. काम पुन्हा सुरळीत चालतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की जमलं. हा पहिला खड्डा. नवा साहेब तयार झालेला असतो, फक्त पगार कामगाराचा. यावर उपाय म्हणजे जबाबदाऱ्या वाटणं: सुरक्षा, दर्जा, मशिनची निगा, माल, हजेरी आणि प्रशिक्षण, प्रत्येकाला वेगळा माणूस, दर तीन महिन्यांनी बदल. बैठक चालवणारा दर आठवड्याला बदला. लाजरी पोरं सुरुवातीला अडखळतात. अडखळू द्या.

दुसरा खड्डा सात-आठ महिन्यांनी येतो. टीम इतकी घट्ट होते की आपल्यातल्याची चूक झाकायला लागते. पुढच्या सेलला खराब माल गेला तरी 'आमच्याकडून बरोबरच गेला होता' म्हणून एकजुटीनं सांगते. यावर मी एकच औषध पाहिलं आहे. महिन्यातून एकदा टीममधल्या दोघांना पुढच्या सेलमध्ये, आणि जमलं तर ग्राहकाच्या लाइनवर, पूर्ण पाळी उभं करा. आपला बर राहिलेला पीस दुसऱ्याच्या बोटाला कापतो हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस परत आल्यावर वेगळं बोलतो.

रोजची दहा मिनिटं

पाळीच्या सुरुवातीला, बोर्डापुढं, उभ्यानं. बैठक पाळीच्या वेळेत हवी, पाळीनंतर नाही. बस ठरलेल्या वेळेला सुटते आणि गंगापूर-पैठणकडच्या माणसाची ती चुकली तर घरी पोहोचायला रात्र होते. महिला ज्या लाइनवर आहेत तिथं तर हे आणखी काटेकोर पाळा. क्रम साधा ठेवा: कुणाला लागलं-बिगलं का, काल काय अडलं, आज काय काढायचं, कोण कुठं, मदत कुणाची हवी. जाणाऱ्या पाळीतला एक जण पाच मिनिटं थांबून येणाऱ्यांना मशिन दाखवून जाईल, त्या पाच मिनिटांचे पैसे द्या.

पैसा, गैरहजेरी आणि आपसातला दाब

आता माझा दुसरा प्रयत्न. त्यात टीमला मासिक इन्सेंटिव्ह लावला होता आणि त्यात हजेरीची अट होती: टीममध्ये कुणाचा खाडा पडला की सगळ्यांचे पैसे कमी. पहिले दोन महिने हजेरी उत्तम. जूनमध्ये फुलंब्रीकडचा एक पोरगा पेरणीला चार दिवस गेला. वडील अंथरुणाला होते, दुसरं कोणी नव्हतं. परत आला तेव्हा कोणी त्याच्याशी बोलेना. डबा एकटाच खाऊ लागला. जड काम सारखं त्याच्याकडं. महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली. कुठल्या साहेबानं त्याला एक शब्द बोलला नव्हता. नियम आम्ही केला होता आणि तो राबवायला त्याच्याच सोबत्यांना लावलं होतं. ते मला अजून बोचतं.

पुढं वाचनात आलं की अमेरिकेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातल्या अशा टीमचा अभ्यास करून जेम्स बार्कर यांनी 1993 मध्ये हेच लिहिलं होतं: टीमनं स्वतःसाठी केलेले नियम साहेबाच्या नियमांपेक्षा कडक होत जातात आणि त्यांच्यापासून सुटका कठीण असते. साहेब पाळीतून एकदा चक्कर मारतो, सोबती आठ तास शेजारी असतो. सावडीतही हे आहेच. ज्याच्याकडं बैल नाहीत त्याला सावडीत कोणी घेत नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी पैशाची रचना बदलली. वाढ मुख्यतः शिकलेल्या कौशल्यावर, ती प्रत्येकाची स्वतःची आणि एकदा मिळाली की परत न जाणारी. टीमचा वाटा लहान, आणि तो दर्जा व वेळेवर माल यांवर. हजेरीवर टीमचा पैसा अजिबात नाही. हजेरीचा प्रश्न कुणाच्या बाबतीत वारंवार आला तर तो सुपरवायझर आणि एचआरनं एकांतात बोलायचा. शिवाय प्रत्येकाला टीमबाहेरच्या एका ठरलेल्या माणसाकडं तक्रार घेऊन जाता येईल, आणि टीमला त्याचा राग धरता येणार नाही, हे आधी सांगितलं. उलट बाजूनं, टीममध्ये एखादा खरोखरच अंग चोरत असेल तर? दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे फ्रान्सच्या रिंगेलमान यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं आहे. टीम लहान ठेवली आणि प्रत्येकाचं काम नावानं दिसत राहिलं तर हा प्रकार बराच आटोक्यात राहतो.

कंत्राटी पोरांचा प्रश्न

आपल्या पट्ट्यातली मोठी अडचण ही. लाइनवर निम्म्याहून जास्त पोरं कंत्राटी किंवा ट्रेनी, सात-आठ महिन्यांत ब्रेक, आणि पुन्हा नवे चेहरे. टीम जुळायला वर्ष लागतं आणि माणूस आठ महिन्यांत जातो. असं असताना स्वयंव्यवस्थापित टीमचे फलक लावणं म्हणजे त्या पोरांची फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. किमान एका सेलची माणसं दोन वर्षं हलवणार नाही, एवढं व्यवस्थापनानं लिहून द्यावं. कंत्राटी पोरगा टीमच्या बैठकीत बरोबरीनं बसेल, त्याचं कौशल्य तक्त्यावर चढेल, आणि पक्की जागा निघाली तर तो तक्ता आधी पाहिला जाईल. हे जमत नसेल तर टीमचं नाव न घेता नुसती कौशल्यवाढ आणि रोजची बैठक करा, तेही कमी नाही.

नवा मॉडेल आला की

टीम चांगली चालू लागली की ग्राहक ड्रॉइंग बदलतो. नवी मशिन येते, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) बदलतो, दोन माणसं दुसऱ्या सेलला जातात. अहमदाबादेत काही ठिकाणी ही पद्धत विरली ती अशाच बदलांच्या रेट्यात. तेव्हा नवा पार्ट यायच्या आधी, ट्रायलच्या वेळीच, निर्णयाचा जुना कागद बाहेर काढा आणि टीमसोबत ओळीनं वाचा. ज्या निर्णयाला लागणारी माहिती अजून हातात नाही तो तात्पुरता सेटरकडं किंवा क्वालिटीकडं परत द्या, आणि कोणत्या तारखेला पुन्हा टीमकडं येणार ते शेजारी लिहा. आमच्या सेलमध्ये मागच्या बदलाच्या वेळी असे सात निर्णय परत गेले होते. ऑफसेटचा निर्णय 11 दिवसांत परत आला. पहिल्या पीसच्या मंजुरीला दोन महिने लागले, कारण नवा गेज उशिरा आला.